ताबा कोणत्या पेटीकडे?

फायबरची जोडणी देताना कंपनीचा माणूस भिंतीवर जी पांढरी पेटी ठोकून जातो, तिच्या एका कवचात चार यंत्रं असतात. पहिलं यंत्र प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतं. तंत्रज्ञ त्याला ओएनटी म्हणतात आणि तांब्याच्या तारेच्या काळात मोडेम जे काम करायचा तेच हे करतं. दुसरं यंत्र राउटर, म्हणजे कंपनीकडून मिळालेला एकच आयपी पत्ता घरातल्या सगळ्या उपकरणांना मिळून वापरू देणारं. तिसरं वायफाय. आणि घरात लँडलाइन असेल तर चौथा भाग टेलिफोनचा. या चारांत वायफाय बहुधा सगळ्यांत कमजोर असतं. म्हणून माणूस बाजारातून चांगला राउटर आणतो आणि जुन्या पेटीला जोडतो. इंटरनेट सुरू होतं, काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्याने एका यंत्राच्या जागी दुसरं बसवलेलं नसतं. चार यंत्रांच्या पुढे आणखी दोन नेऊन ठेवलेली असतात, आणि ती दोन्ही आधीच्यांशी भांडणारी असतात.

आमच्या घरी हे सगळं घडलं. त्यातून जे कळलं ते सांगते, कारण हल्ली ओळखीतल्या दर दुसऱ्या घरात हाच विचार चाललेला दिसतो.

घर साताऱ्यातलं, जुनं. खालच्या मजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या, वरचा मजला सासऱ्यांनी नंतर चढवलेला, मध्ये काँक्रीटचा स्लॅब. मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. कामाची खोली वर आहे. केबल खांबावरून सोप्यात उतरली म्हणून पेटीही सोप्यातच लागली. वायफायच्या मुख्य लहरी दोन. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण तिच्यावर शेजारपाजारच्या सगळ्या घरांची गर्दी असते. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तिच्यात तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. दगडी भिंत आणि सळयांचा स्लॅब ओलांडून ती माझ्या टेबलापर्यंत पोचतच नव्हती. चित्रांच्या पुस्तकाची छपाईची फाईल पुण्याला पाठवायची तर लॅपटॉप उचलून सोप्यात यावं लागायचं.

राउटर घेतानाच पहिली काळजी घ्यावी लागते. बीएसएनएलने २००५ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून बाजारात ‘मोडेम-राउटर’ या नावाची उपकरणं आली आणि त्यांतली काही अजूनही दुकानाच्या फळीवर पडून आहेत. त्यांच्या मागे टेलिफोनच्या पिनेचं अरुंद सॉकेट असतं. फायबरच्या घरी ती उपयोगाची नाहीत. आपल्याला हवा तो राउटर ज्याच्या मागे ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असं लिहिलेलं रुंद सॉकेट आहे आणि ते गिगाबिटचं आहे. दुकानदार कितीही घाईत असला तरी उपकरण हातात घेऊन मागची बाजू पाहावी.

पहिली मांडणी दुकानदाराने सांगितली तशी केली: सोप्यातल्या पेटीच्या लॅन सॉकेटमधून केबल वर नेली आणि नव्या राउटरच्या वॅन सॉकेटमध्ये खोचली. वर वेग मिळाला. मग एकेक गोष्ट बंद पडू लागली. खाली ठेवलेला प्रिंटर माझ्या लॅपटॉपला दिसेना. सोप्यातल्या टीव्हीवर फोनमधले फोटो लावता येईनात. दोन्ही पेट्यांनी स्वतःसाठी १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरलेला असल्याने जुन्या पेटीचं सेटिंगचं पान वरून उघडेना. कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा जो डीव्हीआर आहे, तो बाहेरगावाहून बघता यावा म्हणून कॅमेरेवाल्याने राउटरमध्ये एक पोर्ट उघडून दिलं होतं. ते होतं जुन्या पेटीत आणि डीव्हीआर आता नव्या राउटरच्या मागे गेला होता.

या सगळ्याचं मूळ एकच. राउटर घरातल्या खासगी पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात भाषांतर करतो. त्याला नॅट म्हणतात. एकामागे एक दोन राउटर लावले की हे भाषांतर दोनदा होतं. वाड्याला दोन दिंडी दरवाजे आणि प्रत्येकावर वेगळा राखणदार, ज्याला फक्त आपल्या आतल्या माणसांची यादी ठाऊक आहे, अशी ती अवस्था असते. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, म्हणून संकेतस्थळं उघडतात, व्हिडिओ चालतात आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. पण दोन दरवाजांच्या मधल्या चौकात बसलेल्या प्रिंटरला आतल्या घरातलं कोणी ओळखत नाही, आणि बाहेरून आलेल्याला दोन्ही राखणदारांनी सोडल्याशिवाय आत येता येत नाही.

यावर उपाय दोन. एक सोपा आणि एक अवघड. आम्हाला कोणी सोपा सांगितला नाही, सगळ्यांनी अवघडच सांगितला. म्हणून आधी सोपा सांगते.

नव्या राउटरला राउटरचं काम करूच द्यायचं नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असतो, तो निवडायचा. मग तो पत्ते वाटत नाही, भाषांतर करत नाही. सोप्यातून आलेली केबल घेतो आणि तिचं वायफाय करतो, एवढंच. राउटर जुना असून त्यात हा पर्याय नसेल तर हाताने करता येतं: त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा, पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करायची आणि केबल वॅनमध्ये न घालता लॅन सॉकेटमध्ये घालायची. दोन्ही पेट्यांच्या वायफायला एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला की जिन्याने वर-खाली करताना फोन सहसा आपोआप जवळच्या पेटीवर जातो. प्रिंटर, टीव्ही, डीव्हीआर सगळे एकाच कुटुंबात राहतात. कंपनीच्या पेटीतलं काहीही बदलावं लागत नाही, त्यामुळे तक्रार नोंदवताना कोणाला बोट दाखवायलाही जागा राहत नाही. ज्यांचं दुखणं फक्त वायफाय पोचत नाही हे आहे, त्यांनी इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दहा घरांपैकी बहुतेक घरांचं दुखणं तेवढंच असतं.

अवघड उपाय म्हणजे ब्रिज मोड. यात उलट होतं: कंपनीच्या पेटीचं राउटरपण काढून घ्यायचं, तिने फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करून संकेत पुढे ढकलायचा, आणि जोडणीचा सगळा ताबा आपल्या राउटरकडे द्यायचा. मुलांचं वेळापत्रक ठरवायचं आहे, कोणत्या उपकरणाने किती वापर केला हे बघायचं आहे, कार्यालयाचं व्हीपीएन राउटरवरच चालवायचं आहे, कंपनीची पेटी जास्त उपकरणं जोडली की अडखळते आहे, अशी ठोस कारणं असतील तर हा मार्ग योग्य आहे. माझ्याकडे कारण होतं. कामाच्या फायलींना घरातल्या इतर वापरापेक्षा अग्रक्रम द्यायचा होता आणि जुन्या पेटीत ती सोयच नव्हती.

ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा उत्तर आलं, ब्रिज मोड आम्ही देत नाही. त्याच कंपनीचा गावातला तंत्रज्ञ म्हणाला, “देतो की ताई, पाच मिनिटांचं काम आहे.” त्याने खरंच लवकर केलं. पेटीच्या सेटिंगमध्ये वॅनच्या यादीत ज्या काही ओळी होत्या त्या सगळ्या पुसल्या, ब्रिजची एक नवी ओळ घातली, माझ्या राउटरमध्ये यूजरनेम आणि पासवर्ड भरला, वेग दाखवला आणि गेला.

पुसलेल्या ओळींत एक टेलिफोनची होती.

फायबरवरचा लँडलाइन हा इंटरनेटसारखाच, पण वेगळ्या आभासी मार्गाने चालतो. त्या मार्गाला व्हीलॅन म्हणतात. एकाच काचेच्या धाग्यावरून इंटरनेटचा एक आणि आवाजाचा दुसरा. टेलिफोन पेटीलाच जोडलेला असतो आणि त्याची नोंदणी पेटीतल्या त्या दुसऱ्या ओळीतून होते. ती ओळ गेली की फोन मुका होतो. मोबाइल बंद पडला तर घटकाभरात कळतं. लँडलाइन बंद पडल्याचं कोणी रिसीव्हर उचलेपर्यंत कळत नाही, आणि आमच्याकडे तो उचलण्यापेक्षा त्यावर येणाऱ्या फोनची वाट पाहिली जाते. सासूबाईंच्या थोरल्या बहीण कराडला असतात. त्यांना पाठ असलेला आमचा नंबर तोच. शेवटी त्यांचा मुलगा मुद्दाम गाडी काढून आला आणि दारातूनच विचारलं, “मावशी बरी आहे ना? आई सारखा फोन लावतेय, लागतच नाही.” त्या दिवसांत त्याच्या आईंना दवाखान्यात ठेवलं होतं आणि त्यांना बहिणीशी बोलायचं होतं. सुदैवाने त्या बऱ्या होऊन घरी आल्या. पण सासूबाई त्या वेळी जे गप्प बसल्या ते मला अजून आठवतं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत आणि लँडलाइन आहे, त्यांनी तंत्रज्ञ दारातून बाहेर पडण्याआधी लँडलाइनवरून मोबाइलला आणि मोबाइलवरून लँडलाइनला फोन लावून पाहावा. दोन्ही बाजूंनी. मग त्याच्या कागदावर सही करावी.

ज्या घरी टीव्हीची वाहिनीसेवाही त्याच पेटीतून येते, तिथे तीच गोष्ट टीव्हीची. तिलाही वेगळी ओळ असते.

फोन पुन्हा सुरू झाला, मग जोडणीनेच अडवणूक केली. वीज गेली, आली, आणि माझा राउटर कंपनीशी जुळेना. अनेक कंपन्या अजून पीपीपीओई पद्धत वापरतात. यात राउटर यूजरनेम-पासवर्ड देऊन प्रत्येक वेळी नव्याने ‘डायल’ करतो. एका खात्यावर एका वेळी एकच जोडणी चालते. वीज अचानक गेली की कंपनीच्या सर्व्हरला जुनी जोडणी अजून जिवंत आहे असंच वाटतं, आणि नव्याने आलेल्याला तो परत पाठवतो. राउटरवर मात्र पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येतो. तो वाचून माणूस पासवर्ड बदलत बसतो आणि अधिक गुंततो. अशा वेळी दोन्ही पेट्या बंद करून थोडं थांबावं. सर्व्हर जुनी जोडणी सोडून देतो आणि पुढचं डायल लागतं. काही कंपन्या खातं एका यंत्राच्या मॅक पत्त्याशीच बांधून ठेवतात. नवा राउटर लावला की त्या त्याला ओळखत नाहीत. मग ग्राहक सेवेकडून ती गाठ सोडवून घ्यावी लागते किंवा राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’ या सोयीने जुन्या यंत्राचा पत्ता नव्याला द्यावा लागतो. आणि काही कंपन्यांत यूजरनेम-पासवर्ड अशी भानगडच नाही. ओएनटीचा अनुक्रमांक हीच ओळख. कोणती पद्धत आपली, हे आधी विचारल्याशिवाय ब्रिजच्या वाटेला जाऊ नये.

पीपीपीओईतली आणखी एक बारीक बाब. या पद्धतीची स्वतःची ८ बाइटची वेष्टनं असतात, म्हणून एका वेळी जाणाऱ्या पुडक्याचं कमाल माप १५०० ऐवजी १४९२ बाइट राहतं. राउटरमध्ये एमटीयू या नावाने हा आकडा असतो. तो चुकला तर काही संकेतस्थळं झटकन उघडतात आणि काही, विशेषतः बँकांची, अर्धवट अडकून राहतात. असं विचित्र अर्धवट दुखणं दिसलं की पहिल्यांदा हा आकडा पाहावा.

आता डीव्हीआरकडे. ब्रिज केल्यावर तरी तो बाहेरून दिसेल अशी माझी समजूत करून दिली गेली होती. तो दिसला नाही, आणि त्यावर ब्रिज हा इलाजच नव्हता. जगात आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे आहेत, म्हणून अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरायला देतात. म्हणजे आणखी एक भाषांतर कंपनीकडे होतं, आपल्या घराबाहेर. ओळखायची खूण सोपी आहे: राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर आपण त्या सामायिक व्यवस्थेत आहोत आणि घरात कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचं कोणी आत येणार नाही. मग वेगळे पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा किंवा डीव्हीआर कंपनीच्या स्वतःच्या मोबाइल ॲपची सेवा वापरावी. फक्त कॅमेऱ्यांसाठी ब्रिज मोड करून घेणाऱ्यांनी ही खूण आधी तपासली तर बराच त्रास वाचेल.

सगळं स्थिरस्थावर झाल्यावर जे घडलं त्याने मात्र मला या विषयावर लिहायला लावलं. पावसाळ्यात इंटरनेट गेलं. पेटीवर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल चमकत होता. ग्राहक सेवेतून सांगितलं गेलं, “तुम्ही बाहेरचा राउटर लावला आहे, तो काढा, आमची जबाबदारी नाही.” लाल दिव्याचा अर्थ असा की खांबाकडून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोचतच नाही. राउटर त्याच्या पुढे आहे. नदीला पाणी नसताना नळ तपासण्यात अर्थ नसतो. हे मी सांगितलं, मग तंत्रज्ञ आला. त्याने कारण शोधण्याआधी टाचणीने पेटीचं रिसेटचं बटण दाबलं. ब्रिज गेला, टेलिफोनची ओळ गेली, सगळं कारखान्यातून आल्यासारखं कोरं झालं. दोष निघाला गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डब्यात, जिथे एक धागा अनेक घरांत वाटला जातो. तो दुरुस्त झाला, पण घरातली घडी नव्याने बसवावी लागली.

तेव्हापासून मी काही गोष्टी कटाक्षाने करते, आणि प्रत्येकाने कराव्यात असं सांगते. ओएनटीच्या सेटिंगमधल्या प्रत्येक पानाचा, विशेषतः वॅनच्या प्रत्येक ओळीचा, फोटो काढून ठेवला आहे. व्हीलॅनचे क्रमांक, यूजरनेम, पेटीचा अनुक्रमांक आणि तिचा पत्ता वहीत लिहिलेला आहे, कारण इंटरनेट गेल्यावर मेलमधली माहिती हाती लागत नाही. आणि ओएनटीच्या पानावर प्रकाशाची ताकद दाखवणारा आकडा असतो, तो सगळं नीट चालू असतानाच टिपून ठेवला आहे. हा आकडा डीबीएममध्ये आणि उणे असतो. नेहमीच्या जीपॉन पद्धतीच्या यंत्राला साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश ओळखता येतो. त्यापलीकडे ते आंधळं होतं. ३ ने घट झाली म्हणजे प्रकाश निम्मा झाला. आपला आकडा एरवी उणे २० असेल आणि आज उणे २६ दिसत असेल, तर तक्रार करताना तेच वाक्य सांगावं. समोरचा मग राउटर काढायला सांगत नाही.

पेटीतून बाहेर येणारी काचेची केबल ही घरातली सगळ्यांत नाजूक वस्तू. ती कपाटामागे दुमडू नये, खिळ्याला आवळून बांधू नये. तिच्या टोकाचा हिरवा जोड आठ अंशांत तिरका घासलेला असतो. तो निळ्या जोडात घालू नये. आणि निघालेल्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये, मुलांनाही तशी ताकीद द्यावी. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

साध्या केबलबद्दलही सांगायला हवं, कारण महागडा राउटर घेऊन तिच्यावर कंजुषी केली जाते. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात. वायरिंग करताना कित्येकदा चारच जोडल्या जातात. चार तारांवर १०० मेगाबिटच्या वर जाता येत नाही, आणि मोजणीत तो आकडा ९४च्या आसपास दिसतो. तुमची योजना २०० किंवा ३०० ची असेल आणि केबल लावूनही वेग नेमका ९४वर अडत असेल तर कंपनीला दोष देण्याआधी केबलची दोन्ही टोकं आणि ओएनटीचं सॉकेट तपासा. काही पेट्यांत चारांपैकी एकच सॉकेट गिगाबिटचं असतं.

दोन पेट्या म्हणजे दोन ॲडॉप्टर. वीज गेल्यावर राउटर चालू आणि ओएनटी बंद, असं झालं तर वायफाय दिसतं आणि इंटरनेट नसतं. छोटा यूपीएस घेताना दोन्ही पेट्यांचा भार धरावा आणि ॲडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवावा. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या असल्या तरी सगळ्या नसतात. लँडलाइनही त्याच विजेवर चालतो हे म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावं. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन वीज नसतानाही वाजायचा, हा नाही वाजत.

ब्रिज केल्यावर ओएनटीचं वायफाय बंद करायला विसरू नये. नाही तर जुन्या नावाचं वायफाय हवेत राहतं, फोन सवयीने त्याला चिकटतो आणि घरातलं कोणीतरी इंटरनेट नाही म्हणून ओरडतं.

सुरक्षिततेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी पाहिला पाहिजे. कंपनीची पेटी कंपनी दुरून चालवते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत या दुरून चालवण्याच्या मार्गावरच हल्ला झाला आणि डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. आपला राउटर मध्ये असला की घरातली उपकरणं निदान त्या पेटीच्या मागे, आपल्या कुंपणात राहतात. पण मग त्या कुंपणाची डागडुजीही आपलीच. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायला हवा, त्याची नवी आवृत्ती आली की ती चढवायला हवी, आणि आयपीव्ही६ सुरू असेल तर त्याची फायरवॉलही सुरू आहे ना ते पाहायला हवं. ज्या घरात हे बघणारं कोणी नाही, त्या घरात ताबा कंपनीकडे राहिलेला बरा. माझ्या माहेरी मी याच कारणाने ब्रिज केलेला नाही. तिथे ॲक्सेस पॉइंट आहे आणि उत्तम चालतो.

काही जण याच्याही पुढे जातात आणि ओएनटीच स्वतःचा विकत घेतात. इंटरनेटवर स्वस्त मिळतात. कंपनीच्या यंत्रणेत त्याचा अनुक्रमांक नोंदल्याशिवाय तो जिवंत होत नाही, जीपॉन आणि ईपॉन या दोन वेगळ्या पद्धती आहेत, आणि लँडलाइनची गुप्त माहिती कंपनी सहसा देत नाही. गावातला केबलवाला स्वतःहून नोंद करून द्यायला तयार असेल तरच हा विचार करावा. कंपनीची पेटी कंपनीचीच ठेवावी आणि सेवा सोडताना ती ॲडॉप्टरसकट परत करून पोच घ्यावी, नाही तर अनामत रक्कम अडकते.

तक्रार करायची वेळ आली तर फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक मिळायला हवा आणि उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. मी गेले. बाहेरचा राउटर हे लाल दिव्याचं कारण असू शकत नाही, एवढं एक वाक्य आणि प्रकाशाच्या आकड्याचा फोटो जोडला. बंद काळाचे पैसे बिलातून वजा झाले.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला आपल्या पसंतीचं यंत्र लावण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि जोडणीसाठी लागणारी माहिती कंपनीने ग्राहकाला न मागता, विनामूल्य द्यायची असते. आपल्याकडच्या कंपन्यांनी जोडणीच्या पहिल्याच कागदावर यूजरनेम, पासवर्ड, इंटरनेटचा आणि आवाजाचा व्हीलॅन क्रमांक, आणि ब्रिज मोड मिळेल की नाही याचं एका शब्दाचं उत्तर छापावं, आणि ट्रायने तसं बंधन घालावं, ही माझी आग्रहाची मागणी आहे. तोवर, नवी जोडणी घेत असाल तर तंत्रज्ञ घरात असतानाच हे सगळं त्याच्याकडून वहीत लिहून घ्या.